मद्यमुक्तीसाठी जवळचा आधारगट

इ. स. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या शहरी, एका हॉटेलच्या दर्शनी दालनात, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल अस्वस्थपणे येरझारा घालीत होता. ज्या व्यवहारासाठी तो तेथे आला होता तो फसला होता, खिशात पैसे थोडेच उरले होते, आणि दालनाच्या एका टोकास असलेल्या मद्यालयातून माणसांच्या हसण्याबोलण्याचा आवाज कानी येत होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. दालनाच्या दुसऱ्या टोकास एक टेलिफोन होता व त्याजवळ शहरातील चर्चची यादी लावलेली होती. त्या यादीवरून त्याने एकामागून एक टेलिफोन केले. त्याची मागणी मोठी विलक्षण होती. त्याला उपदेशक नको होता, वैद्यही नको होता; दारूपायी आपल्यासारखाच हैराण झालेला दुसरा एखादा माणूस त्याला हवा होता. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ त्याच शहरातील शस्त्रवैद्य डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. पंधरा मिनिटांत उठण्याच्या बोलीने आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले. १० जून १९३५ हा त्यांच्या मद्यपानाचा शेवटचा दिवस मानतात, आणि ‘अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस’ अथवा ए. ए. या नावाने पुढे जगभर पसरलेल्या संघटनेचा स्थापनादिनही तोच समजला जातो.

जवळचा आधारगट शोधण्याचा हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न होय, आणि गंमत अशी की तो झाला तेव्हा असा गट अस्तित्वातच नव्हता. विल्सन डॉक्टरांना वाचविण्यास गेला नव्हता. त्या सायंकाळी आपण स्वतः पुन्हा पेल्याकडे वळू नये एवढ्यासाठीच तो गेला होता. सांगणाऱ्याचा फायदा ऐकणाऱ्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक होतो, ही गोष्ट त्या भेटीत दोघांच्याही ध्यानात आली. आज आपल्या देशात ज्याला दारू सोडावयाची आहे, अथवा ज्याच्या घरातील माणसाने ती सोडावी असे वाटते, त्याने हे सूत्र कोठे व कसे गाठावे याची माहिती प्रस्तुत पुस्तिकेत दिली आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे हे प्रथम पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० ते ७५ वर्षे वयाच्या सुमारे १६ कोटी व्यक्ती मद्य घेतात, आणि त्यांतील सुमारे ५ कोटी ७० लक्ष व्यक्तींना मद्यपानामुळे उद्भवलेल्या अडचणींसाठी मदतीची गरज आहे. यापुढील आकडा मात्र वाचकाने थांबून वाचावा. ज्यांचे मद्यावरील अवलंबन पूर्ण झाले आहे अशा ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीस कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाला, आणि रुग्णालयात राहून उपचार मिळाला तो १८० पैकी एकीस. देशातील सर्व रुग्णालये व व्यसनमुक्ती केंद्रे एकत्र केली तरी उरलेल्या सदतीस जणांना ती पुरणार नाहीत. आठवड्यातून दोनतीन सायंकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात भरणारी, फी न घेणारी सभा ही म्हणूनच गौण गोष्ट नव्हे. पुष्कळांच्या बाबतीत तीच एकमेव हाताशी असणारी गोष्ट असते.

आधी वैद्य, मग गट

तथापि गटाचा पत्ता शोधण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयीचे अज्ञान जिवावर बेतते. जो मनुष्य महिनोन्‌महिने रोज भरपूर पीत आला आहे, आणि सकाळी उठल्यावर ज्याचे हात घोटभर घेतल्याविना स्थिर होत नाहीत, त्याने शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडू नये. मद्य हे मेंदूतील उत्तेजना दाबून ठेवणारे द्रव्य आहे. मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि तो दाब एकाएकी नाहीसा झाला की उसळी घेतो. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच कंप, घाम, उलट्या व निद्रानाश सुरू होतात; पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात; आणि दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत केव्हाही तीव्र भ्रमावस्था उद्भवू शकते. तीत रुग्णास नसलेल्या वस्तू दिसतात, स्थलकालाचे भान सुटते, ताप चढतो. उपचार न झाल्यास हिच्यात मृत्यूही येतो. वैद्याच्या देखरेखीखाली डायझेपाम वा तत्सम औषधे उतरत्या मात्रेने दिल्यास व थायमिन हे जीवनसत्त्व पुरविल्यास हा काळ साधारणतः आठवड्याभरात निभावतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ही सोय असते. तेव्हा ज्याला असा कंप होतो त्याने प्रथम तेथे जावे.

याच संदर्भात आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती आपल्याकडे भिंतींवर व वर्तमानपत्रांत दिसतात, आणि घरची त्रासलेली मंडळी भाजीआमटीत ती पूड मिसळतात. दारूबरोबर शरीरात गेल्यास तीव्र प्रतिक्रिया घडविणारे डायसल्फिरॅम हे औषध कोपनहेगन येथील संशोधकांनी १९४८ साली पुढे आणले, व रुग्णाच्या पूर्ण संमतीने, हृदय व यकृत तपासून ते दिल्यास आजही उपयोगी पडते. परंतु न सांगता दिलेल्या अशा औषधावर कोणी भरपूर मद्य घेतले, तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतो. चोरून सोडविलेली दारू फार दिवस सुटलेली राहत नाही, हे वेगळेच.

गट म्हणजे काय आणि काय नव्हे

ए. ए. च्या सभासदत्वाची अट एकच आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही. सभेच्या शेवटी एक डबा अथवा पिशवी फिरते; तीत जागेच्या भाड्यासाठी व चहासाठी सभासद आपखुशीने काही टाकतात. बाहेरच्या कोणाकडून देणगी घेतली जात नाही. दारूबंदी असावी की नसावी याविषयी संघटना बोलत नाही आणि राजकारणात पडत नाही. या कडकपणामागे एक जुना धडा आहे. १८४० साली बाल्टिमोर येथील एका मद्यालयात सहा पिणाऱ्यांनी मिळून ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची अशीच एक चळवळ सुरू केली होती. ती बघताबघता देशभर पसरली, आणि बंदीच्या राजकारणात व इतर वादांत सापडून दशकभरातच विरून गेली. ए. ए. ने १९५० साली क्लीव्हलँड येथे स्वीकारलेल्या बारा परंपरांत बाहेरच्या वादांवर मत न देण्याचे व बाहेरचा पैसा न घेण्याचे जे बंधन आहे, त्यामुळे ती चूक टळली. वाचकाच्या दृष्टीने याचा उपयोग असा की, दारातच पैसे मागणारी, औषध विकणारी अथवा हमी देणारी जागा ही ए. ए. ची सभा नव्हे हे त्याने तत्काळ ओळखावे.

भारतात या चळवळीचा आरंभ १९५७ साली मुंबईत झाला, आणि देशाचे मध्यवर्ती सेवा कार्यालयही मुंबईतच आहे. आपल्याकडे पुष्कळ सभा चर्चच्या आवारातील सभागृहांत भरतात. ते पाहून हिंदू वा मुसलमान घरातील माणसे कधी कधी दारातूनच परततात. यात गैरसमज आहे. जागा भाड्याची असते एवढेच. बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात ईश्वराचा उल्लेख येतो हे खरे. पण त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लावावयाचा असतो, आणि कित्येक निरीश्वरवादी सभासद त्या शब्दाच्या जागी समोर बसलेल्या गटालाच कल्पून मार्ग काढतात. एवढ्यानेही ज्याचे समाधान होत नाही त्याच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी ही १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेली, मानसशास्त्रीय कौशल्यांवर आधारलेली पद्धती आहे. मात्र तिच्या सभा आपल्याकडे क्वचितच आढळतात.

गट खरोखर उपयोगी पडतो काय? वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचे व १०,५६५ व्यक्तींच्या माहितीचे परीक्षण प्रसिद्ध केले. ज्यांना पद्धतशीरपणे ए. ए. कडे वळविण्यात आले त्यांच्यापैकी शेकडा ४२ जण वर्षानंतर पूर्णपणे मद्यमुक्त होते. इतर प्रस्थापित मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण शेकडा ३५ होते. यातील बहुतेक अभ्यास अमेरिकेतील आहेत, आणि शंभरांपैकी अठ्ठावन्न जणांना एवढ्याने पुरते यश आले नाही हेही विसरून चालणार नाही. तरीही बिनखर्चाच्या साधनाच्या मानाने हा निकाल लहान नव्हे.

तो कशामुळे येतो, याचे उत्तर आणखी उद्‌बोधक आहे. अमेरिकेतच १,७२६ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेतलेल्यांची तीन वर्षांनी पुन्हा पाहणी करण्यात आली. ज्यांचे मित्र व नातलग पिणारेच होते अशा रुग्णांना, ए. ए. कडे वळविणाऱ्या उपचाराचा लाभ इतरांपेक्षा अधिक झाला असे दिसून आले. म्हणजे गट हा प्रामुख्याने मनुष्याचा शेजार बदलतो. सायंकाळी सात वाजता पाय जेथे वळत होते तेथे न वळता दुसरीकडे वळतात, तेथे ओळखीचे चेहरे असतात, आणि मोह अनावर झाल्यास ज्याला टेलिफोन करावा असा एक तरी माणूस मिळतो. हे ध्यानात घेतले म्हणजे गट कसा निवडावा याची कसोटी आपोआप हाती येते: जो जवळ आहे तो चांगला. नामांकित पण दीड तासाच्या प्रवासावरच्या सभेस मनुष्य तीन वेळा जातो. कामावरून सुटल्यावर पायी पोचता येईल आणि शेवटच्या बसने घरी परतता येईल अशा सभेस तो वर्षभर जाऊ शकतो.

शोध कोठे करावा

सर्वांत सोपा मार्ग टेलिफोनचा. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ असा आहे, व त्यास शुल्क पडत नाही. सरकारी अनुदानावर चालणारी एकात्मिक पुनर्वसन केंद्रे कोठे आहेत हे तेथे कळते. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते व तिच्यावर मराठीतही बोलता येते. दुसरा मार्ग रुग्णालयाचा. मानसोपचार विभागातील समाजसेवकांस आसपासच्या सभांचे वार व वेळा बहुधा ठाऊक असतात. क्वचित सभा रुग्णालयाच्या आवारातच भरते. तिसरा मार्ग ए. ए. च्या मुंबई कार्यालयाकडे वा शहरोशहरीच्या सेवा कार्यालयांकडे विचारणा करण्याचा.

ए. ए. च्या बाहेरही विश्वासार्ह संस्था आहेत, व त्यांपैकी अनेक संस्था आपल्याकडे उपचार घेतलेल्यांचे पाठपुरावा गट चालवितात. चेन्नई येथे शांती रंगनाथन यांनी १९८० साली स्थापिलेले टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान, मुंबईच्या वांद्रे भागात फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेले कृपा फाउंडेशन, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने उभे केलेले मुक्तांगण ही त्यांतील काही. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेत व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे.

भाषेचा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. मनातली लाज परभाषेत सांगता येत नाही. सुरतेस वा बंगलोरला कामाला गेलेल्या मराठी माणसाने टेलिफोनवर वाराबरोबरच भाषाही विचारून घ्यावी. मोठ्या शहरांत एका वस्तीत हिंदी व दुसरीत इंग्रजी वा स्थानिक भाषेत सभा चालतात. याउलट लहान गावी अडचण ओळखीची असते. तेथे सभेस गेल्याचे दुसऱ्या दिवशी बाजारात कळेल या भीतीने माणूस जात नाही. सभासदांनी एकमेकांची नावे बाहेर न काढण्याचा नियम कसोशीने पाळला जातो; तरीही मन धजावत नसेल तर पहिले काही महिने शेजारच्या तालुक्याच्या गावी जाण्यास हरकत नाही. स्त्रियांना ही भीती दुप्पट असते, कारण पिणाऱ्या पुरुषाला समाज हसतो आणि पिणाऱ्या स्त्रीला वाळीत टाकतो. केवळ स्त्रियांसाठीच्या सभा मोठ्या शहरांत भरतात, आणि त्यांची चौकशी मुद्दाम करावी.

एका प्रकारच्या जागेपासून मात्र सावध राहावे. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसाला बळाने उचलून नेणारी, कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रे आपल्याकडे निघाली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित विकारांचा समावेश आहे; त्यानुसार अशा संस्थेला नोंदणी आवश्यक असून रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई आहे. नोंदणीचा क्रमांक विचारताच जेथे उत्तर टाळले जाते तेथून परतावे.

पहिली सभा

दारात उभे राहण्याची भीती सर्वांनाच वाटते, म्हणून आत काय घडते ते सांगतो. सभा दोन प्रकारच्या असतात. ‘खुल्या’ सभेस नातलग, विद्यार्थी, कोणीही येऊ शकतो. ‘बंद’ सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. पाचपंचवीस माणसे, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली. एखादा सभासद सूत्रचालन करतो. उपक्रमाचे काही वाचन होते. मग एकेक जण आपले नुसते पहिले नाव सांगून, आपण मद्यासक्त आहो असे म्हणून आपली हकीकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न विचारीत नाही, सल्ला देत नाही. नवख्याची पाळी आली व त्याने केवळ नाव सांगितले, अथवा आज ऐकावयाचे आहे एवढेच म्हटले, तरी चालते. तास-दीड तासात सभा संपते. एखाद्या सायंकाळी पेढे वाटले जातात. कोणाचा तरी ‘वाढदिवस’ असतो, म्हणजे दारू सोडल्यास वर्ष पुरे झालेले असते. पन्नाशीचा गृहस्थ आपण एक वर्षाचे झालो असे सांगतो व सारे टाळ्या वाजवितात. नवख्याला हे प्रथम पोरकट वाटते.

पहिल्या सभेवरून मत बनवू नये. एखाद्या गटात बोलणारे तेच तेच असतात, एखाद्यात वयाचे वा परिस्थितीचे अंतर फार पडते. निदान पाचसहा वेळा जावे, आणि शक्य असल्यास दोन वेगळे गट पाहावेत. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात. या काळात रोज एक याप्रमाणे नव्वद दिवसांत नव्वद सभांची जी प्रथा सभासद सांगतात ती आपल्याकडे सर्वत्र शक्य नाही, पण तिचे मर्म घ्यावे. काही दिवसांनी एखाद्या जुन्या सभासदास आपला ‘स्पॉन्सर’, म्हणजे वाटाड्या, होण्याची विनंती करतात. हा वाटाड्या वैद्य नव्हे. वैद्याने दिलेली औषधे बंद करा असा सल्ला कोणी सभासद देऊ लागला तर तो मानू नये. सभासदांनी वैद्य होऊ नये, असे संघटनेचे स्वतःचेच सांगणे आहे.

पुन्हा प्याले तर? तर पुढच्या सभेस पुन्हा जावे. तेथे बसलेल्यांपैकी पुष्कळांनी तेच केलेले असते, आणि खुर्ची कोणी काढून घेत नाही. मात्र पिणे पुन्हा अनेक दिवस चालले असेल, तर वर सांगितलेला वैद्याविषयीचा नियम पुन्हा लागू होतो.

घरच्या माणसांसाठी

पिणारा येण्यास तयार नसला तरी घरच्यांना थांबण्याचे कारण नाही. विल्सन यांच्या पत्नी लोईस यांच्या पुढाकाराने १९५१ साली ‘अल-अनॉन’ ही कुटुंबीयांची संघटना निघाली, आणि १९५७ पासून तिची ‘अल-अटीन’ ही किशोरवयीन मुलांसाठीची शाखा आहे. मुक्तांगणात ‘सहचरी’ नावाचा पत्नींचा गट चालतो. नवऱ्याच्या कचेरीत खोटी सबब कळविणे, उधारी फेडणे, बाटल्या मोजणे यांत वर्षे घालविलेल्या स्त्रीला, हे आपण एकटीच करीत नाही, आणि ते न करताही संसार चालू शकतो, हे प्रथम तेथे कळते.

जेथे गट नाही

आपल्या देशातील बहुसंख्य खेडी या सदरात येतात. तमिळनाडूतील मांजाक्कुडी या गावी रंगनाथन प्रतिष्ठानाने शिबिर भरवून गावातच उपचार केले, कारण शेतमजुरास महिनाभर चेन्नईला जाऊन राहणे परवडत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतील रुग्ण एकाच वेळी बरे झाल्यामुळे शिबिरानंतर त्यांना परस्परांचा आधार आयताच मिळतो. अशी सोय नसेल तेथे, २०२० च्या टाळेबंदीपासून रूढ झालेल्या, मोबाइल फोनवरून भरणाऱ्या सभांस हजर राहता येते. समोरासमोरच्या भेटीची सर त्यांना येत नाही, तरी रात्रीच्या एकांतात त्या उपयोगी पडतात.

आणखी एक मार्ग आहे, तो अ‍ॅक्रनचा. ए. ए. च्या व्याख्येप्रमाणे दोन माणसांचाही गट होतो. जिल्हा रुग्णालयातील वैद्यास वा समाजसेवकास विचारावे की, आपल्या भागातील दारू सोडलेला एखादा मनुष्य भेटावयास राजी होईल काय. त्याची संमती विचारून ते गाठ घालून देतात. मग एक वार, एक वेळ व एक जागा ठरवावी, आणि तो दुसरा आला नाही तरी त्या वेळी तेथे जाऊन बसावे.